‘भारी आहे’ म्हणालात, पण कुठं?

जुळे सोलापुरातल्या एका गटानं विचारलंय: "आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी एकाच्या घरी जमून अल्बम ऐकतो. निम्मे कॉलेजातले, बाकी आमचेच काका-मामा. नवा अल्बम आला की आम्ही पोरं रात्री बारालाच ऐकतो आणि दहापैकी मार्क देऊन मोकळे होतो. मोठी मंडळी म्हणतात, आता पूर्वीसारखं काही होत नाही. दर वेळी वाद होतो आणि कुणाचंच मत हलत नाही. नवा अल्बम नीट ऐकायचा म्हणजे काय करायचं? आणि जुनं खरंच एवढं चांगलं होतं का?"

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. नवी पेठेत १९८८ पासून वीस वर्षं माझं कॅसेटचं, पुढं सीडीचं दुकान होतं. आता लोकांच्या घरातल्या जुन्या टेपा आणि तबकड्या डिजिटल करून देतो. गेली बारा वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी दहा-पंधरा जण अल्बम ऐकायला बसतात. वाद आमच्याकडंही होतात आणि ते व्हावेत. पण आमच्या वादाला वळण लागलं ते एका प्रश्नामुळं. कुणी "भारी आहे" म्हणालं की आम्ही विचारतो, "कुठं?" कुणी "बेकार" म्हणालं तरी तेच, "कुठं?"

हा प्रश्न मला एका गिऱ्हाइकानं शिकवला. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे, घरात तेलुगू बोलणारे. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला मालक. पगाराच्या दिवशी एक कॅसेट घ्यायचे, एकच, आणि आठवडाभर तीच ऐकायचे. एकदा संध्याकाळी पाळी संपवून थेट दुकानात आले. मी विचारलं, "अण्णा, मागची कशी वाटली?" म्हणाले, "आज नाही सांगत मालक. कान बसलेत. उद्या."

तेव्हा मला ते बोलणं नुसतं थकव्याचं वाटलं. पुढं कळलं की ते शब्दशः खरं होतं. मागांच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. त्यात आठ-दहा तास काढले की कान तात्पुरता बधिर होतो, आणि सगळ्यात आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. व्हायोलिनची धार, झांजेची किणकिण, गायकाच्या तोंडातले श आणि स. कान पूर्ववत व्हायला काही तास लागतात, कधी रात्र लागते. बसलेल्या कानांनी त्यांनी मत दिलं नाही. दिवसभर इअरफोन लावून, सिटीबसच्या आणि मिरवणुकीच्या आवाजातून घरी येऊन रात्री बाराला नव्या अल्बमला मार्क देणाऱ्या पोरांनी आधी एवढंच लक्षात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले आणि म्हणाले, "दुसऱ्या साईडचं दुसरं गाणं. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी बासरी थांबते. मग एक मात्रा कुणीच वाजवत नाही. तिथं." मी कॅसेट डेकमध्ये घातली, पुढं-मागं करून ती जागा काढली. खरंच, एक मात्रा निव्वळ रिकामी. बासरीचा श्वास संपतो, तबल्यावरचा हात वरच राहतो आणि मग गळा येतो. ती कॅसेट मी शेकड्यानं विकली होती, दुकानात दिवसभर वाजवली होती, आणि ती मात्रा मला कधी ऐकू आली नव्हती. त्या दिवसापासून मी मार्कांवर विश्वास ठेवत नाही. दहापैकी सात म्हटलं तर त्यावर बोलायचं काय? समोरचा फार तर आठ म्हणेल. पण "तिथं" म्हटलं की दोघांना तीच जागा परत ऐकता येते. कदाचित तुमचं मत बदलेल, कदाचित त्याचं. मत बदलायला काहीतरी हाताला लागावं लागतं.

आता पहिल्या रात्रीबद्दल. पहिल्यांदा ऐकताना कान ओळखीचं शोधत असतो, आणि ओळखीचं सापडलं नाही की नावडलं म्हणतो. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. यातून दोन्ही बाजूंनी सावध व्हायला हवं. पहिल्याच ऐकण्यात नाकारू नका, हे एक. आणि तीस वेळा ऐकल्यावर आवडलं तर त्यातलं किती संगीतामुळं आणि किती सवयीमुळं, हेही स्वतःला विचारा. आमच्या घरी नियम आहे: तीनदा ऐकायचं, मध्ये एक-एक दिवस सोडून. तीनदा ऐकूनही सांगता येईल अशी एकही जागा सापडली नाही, तर तो अल्बम माझ्यासाठी नाही असं म्हणायला मी मोकळा.

माझी मोठी चूक इथंच झाली होती. १९९२ मध्ये ‘रोजा’ची तेलुगू कॅसेट अण्णांनी मागवायला सांगितली. आली तेव्हा मी दुकानात एकदा लावली. त्या डेकवर आणि त्या डब्यासारख्या स्पीकरवर खर्जाचा नुसता बुरबुर आवाज आला. हे आपल्याकडं चालायचं नाही, असं मी ठरवलं आणि दोनच प्रती घेतल्या. अण्णांनी मात्र दोन दिवसांनी येऊन सांगितलं की खालचं गिटार गाण्याच्या मागून नुसतं चालत नाही, स्वतःची वेगळी चाल धरून चालतंय. मी ती घरच्या चांगल्या स्पीकरवर ऐकली आणि खरंच तसं होतं. ए. आर. रहमान यांचा तो पहिला चित्रपट, आणि त्याच संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी नाकारलं होतं ते संगीत नव्हतंच, माझा स्पीकर होता.

म्हणून तुमच्या रविवारच्या बैठकीत काय वाजतं ते आधी तपासा. मोबाईलच्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा, मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो. मोबाईलवर तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. पण घुमारा गेलेला असतो. तबलजीनं मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे स्वराची घसर, त्यात सापडत नाही. महागडी यंत्रणा लागत नाही. दोन साधे वायरचे स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर, भिंतीपासून थोडे पुढं, कानाच्या उंचीला. खाली जमिनीवर सोलापुरी चादर किंवा सतरंजी, म्हणजे फरशीवरून आवाज उसळत नाही. एवढ्यानं निम्मी कामं होतात.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आवाजाच्या पातळीची. ती तुमच्या निम्म्या भांडणांचं मूळ असेल, इतक्या वेळा मी ती पाहिली आहे. एकच गाणं एक-दोन डेसिबलनं मोठं लावलं तर ऐकणारा ‘मोठं आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो ‘जास्त स्पष्ट आहे’, ‘भरलेलं आहे’, ‘यात जान आहे’. १९९० नंतर सीडी काढणाऱ्यांनी याच गोष्टीचा फायदा घेत अल्बम आधीच्यापेक्षा मोठ्या आवाजाचे केले. हळू जागा वर ओढल्या, तबल्याच्या थापेचं टोक छाटलं. जुनी अभंगांची कॅसेट आणि नवा अल्बम शेजारी-शेजारी लावले तर नवा जिंकतो, आणि तासभर ऐकल्यावर तोच नवा डोकं दुखवतो. दोन्ही गोष्टी पातळीमुळं होतात. आता स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी एका सरासरी पातळीला, साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक), आणून वाजवतात. सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघा. पण एकजण यूट्यूबवरून आणि दुसरा पेनड्राइव्हवरून लावणार असेल तर हातानं जुळवावं लागेल. माझी पद्धत सांगतो: ढोल-तबल्यावरून जुळवू नका, गळा गळ्याशी जुळवा. दोन्ही अल्बमांमध्ये गायक तुमच्यापासून सारख्याच अंतरावर बसून गातोय असं वाटलं पाहिजे. मग तुलना करा.

काका-मामांच्या प्रश्नाकडं येतो. पूर्वी सगळं चांगलंच होतं का? माझ्या माळ्यावर न विकलेल्या कॅसेटींची तीन खोकी आहेत, १९९० ते १९९५ मधली. आषाढीच्या तोंडावर घाईनं उरकलेले अभंगसंच, ज्यात आठही गाण्यांना कीबोर्डचा एकच ठेका आहे. दुसऱ्या गळ्यात गाऊन घेतलेली जुनी सिनेमाची गाणी. ही खोकी मी मुद्दाम जपून ठेवली आहेत. कुणी ‘आमच्या काळी’ म्हणालं की एक कॅसेट काढून लावतो. काळानं गाळून उरलेलं ते जुनं आपण ऐकतो, आणि न गाळलेलं ते नवं. तुलना तिथंच तिरकी होते. शिवाय माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात ठळक राहतात, असं मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या वयातली गाणी नुसती गाणी राहत नाहीत. त्यात पहिला पगार असतो, गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी असते, कुणाचं तरी घर असतं. मामा त्या गाण्याला दहापैकी दहा देतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना विचारा, "मामा, हे तुम्ही पहिल्यांदा कुठं ऐकलं?" आधी ते सांगू द्या. मग विचारा, "गाण्यात कुठं?" दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं मिळतील, आणि दोन्ही मोलाची असतात.

अखंड अल्बम ऐकण्याची जुनी शिस्त म्हणतात, तीही पूर्ण खरी नाही. निम्मी गिऱ्हाइकं कोरी सी-साठ, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट, घेऊन यायची, निवडक गाणी भरून न्यायला. आजची प्लेलिस्ट तीच. आणि अल्बमाची घडणही काही आकाशातून पडलेली नव्हती. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अशा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे, म्हणून तो शब्द. १९४८ मध्ये कोलंबियानं ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. तबकडीच्या मध्याकडं सुई जाते तशी एका फेरीत कमी लांबीची खोबण मिळते, तार स्वर मंद होतात, म्हणून शांत गाणं बाजूच्या शेवटी ठेवायचे. कॅसेटला दोन्ही बाजू सारख्या भरायच्या, नाहीतर कोरी पट्टी फिरत राहते. तेव्हा कधीकधी गाण्यांचा क्रम मिनिटांच्या हिशेबानं ठरायचा. आज तीस सेकंद वाजलं की स्पॉटिफाय एक ऐकणं मोजतं, म्हणून मुखडा लवकर येतो. प्रत्येक काळाला त्याची त्याची खोबण असते. नव्या गाण्याचा आरंभ तोकडा वाटला तर त्याचं एक कारण हे आहे. मला ते आवडत नाही, पण गाणाऱ्याला आळशी म्हणून मी मोकळा होत नाही.

आणि तरीही, क्रमानं ऐकण्यात एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कशानंही मिळत नाही. त्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळा लावलेली तबकडी सांगतो: किशोरी आमोणकरांची १९७०च्या दशकातली एलपी, एका बाजूला राग भूप, दुसऱ्या बाजूला राग बागेश्री. भूप सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातल्या ‘सहेला रे’ या बंदिशीमुळं. तो सुटा काढून लोक ऐकतात, बागेश्री तिथंच राहते. पण दोन्ही सलग ऐका. भूपात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. जवळपास पंचवीस मिनिटं त्या गळ्यानं मध्यमाला स्पर्शही केलेला नाही. कान त्या पाच खोल्यांच्या घरात राहायला लागतो, आणि सहावी खोली असते हे विसरतो. मग तुम्ही उठता, तबकडी उलटता, सुई ठेवता. बागेश्री सुरू होते, आणि बागेश्रीचा जीव मध्यमात आहे. पहिल्यांदा गळा त्या मध्यमावर येऊन टेकतो तेव्हा अंगावर जे येतं, ते नुसती बागेश्री लावली तर येत नाही. ते अर्धं भूपानं तयार केलेलं असतं. कोमल गंधार आणि कोमल निषादही तसेच, भूपाच्या शुद्ध गंधारानंतर ते जास्त खोल उतरतात. हा क्रम कुणी याच विचारानं लावला की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. तो परिणाम तिथं आहे, बोट ठेवून दाखवता येतो. आमच्याकडं एक पॉलिटेक्निकचा मुलगा येतो, शास्त्रीय कधी न ऐकलेला. त्याला मी स्वरांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाजू उलटल्यावर काही वेळानं तो म्हणाला, "काका, आत्ता कायतर दार उघडल्यासारखं झालं." मी घड्याळ बघितलं. जागा बरोबर होती.

हेच नव्यात शोधा. ‘सैराट’ २०१६चा, दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरचे, चित्रणही करमाळ्याच्या बाजूचं, त्यामुळं इथं प्रत्येकाला तो पाठ आहे असं वाटतं. खरं म्हणजे मिरवणुकीत एकच गाणं पाठ झालं. अल्बम चार गाण्यांचा, वीस-एकवीस मिनिटांचा. त्याच्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर पूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. चारही गाणी ओळीनं, बरोबरीच्या आवाजात, मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींपासून दूर बसून ऐका. म्युझिक पीसमध्ये व्हायोलिनं एकटीदुकटी नाहीत, ताफा आहे. त्यांच्यामागं दालनाची हवा ऐकू येते. मग शेवटी ‘झिंगाट’ लावा. त्यात ती हवा जवळजवळ नाही, ठोका अंगावरच येतो. चौकात डॉल्बीच्या भिंतीसमोर हा फरक कळूच शकत नाही. माझं मत विचाराल तर चारांतलं सगळ्यात कमी ऐकलं गेलेलं आणि सगळ्यात बारीक काम केलेलं गाणं श्रेया घोषाल यांचं आहे. कुठं? तुम्ही आधी ऐका, मग जागा जुळतात का बघू.

इतर भाषांतल्या नव्या अल्बमांनाही हेच लागू. अमेरिकी गायिका बिली आयलिशचा २०२४चा अल्बम आला तेव्हा तिनं आधी एकही सुटं गाणं सोडलं नव्हतं. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत, एकदम समोर. पोरांनी तो आणला, आम्ही दिवे मंद करून ऐकला. मला त्यातलं निम्मं जवळचं वाटलं नाही, पण गाणी एकातून दुसऱ्यात कशी ओघळतात ते कळलं, आणि ते शफलवर कळलंच नसतं. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका ॲडेलनं आग्रह धरल्यावर स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी क्रमानं वाजवणारं केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तरी तुमचं बटण एकदा तपासा.

भाषा कळत नाही म्हणून अडू नका. सोलापुरात तरी हे कारण सांगू नये. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची, वचनं कन्नड आहेत, ती न समजताही पिढ्या यात्रेत उभ्या राहिल्या आहेत. आम्ही एक करतो: ज्याची भाषा आहे तो शब्द आधी वाचून दाखवतो, चालीशिवाय, सावकाश. मग गाणं. वाचताना जिथं श्वास घेतला आणि गाताना जिथं घेतला, त्या जागा वेगळ्या निघाल्या की चर्चा आपोआप सुरू होते.

तुमच्या गटासाठी एवढं करा. तरुणांनी स्वतःच्या जन्माच्या आधीचा अल्बम आणायचा, मोठ्यांनी गेल्या वर्षभरातला. ज्यानं आणला तो आधी काही बोलणार नाही. चांगला आहे असं आधीच सांगितलं की बाकीचे तेच ऐकतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत. कागद-पेन्सिल जवळ, काही जाणवलं की फक्त मिनिट-सेकंद लिहायचं, शेरा नाही. संपल्यावर सगळ्यांचे आकडे वाचा. तीन-चार जणांनी एकच जागा लिहिलेली निघते, आणि त्यात एखादा मामा आणि एखादा भाचा हमखास असतो. ती जागा परत लावा. तिथून बोलायला लागा.

सुरुवात कशानं करायची असंही तुम्ही विचाराल, म्हणून सांगून ठेवतो. येत्या रविवारी ती भूप-बागेश्री लावा. सकाळी नको, संध्याकाळी उशिरा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, बागेश्री त्याहून उशिराची. तबकडी नसेल तर फोनवरच, पण भूप संपला की हातानं थांबवा. कुणी बोलायचं नाही. एकानं उठून सगळ्यांना पाणी द्यावं, तबकडी उलटायला लागतो तेवढाच वेळ. मग बागेश्री.